पाप मले द्या, दवाईचं नाव सांगा

मांजर हा प्राणी मला आवडत नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. दूध प्यायचं एकाच्या घरी, पिल्लं घालायची दुसऱ्याच्या माळ्यावर आणि उपकार कोणाचेच मानायचे नाहीत, असा हा जीव. तरीही मी आज मांजरांविषयी लिहायला बसलो आहे, त्याला कारण आमच्या मेश्राम बाई.

मूल गावाकडून गडचिरोलीला जाताना आमचं गाव लागतं. गावात पोस्ट ऑफिस आणि जनावरांचा सरकारी दवाखाना समोरासमोर आहेत. मध्ये एक कडुनिंब, बाकी काही नाही. मी पोस्टात. काम बेताचं आणि खिडकी ऐसपैस, त्यामुळे बाई इथे डॉक्टर होत्या तोवर त्यांच्या पडवीत आलेलं एकही जनावर माझ्या नजरेतून सुटलं नसेल. पोस्टमास्तर म्हणजे गावभरच्या उठाठेवी करणारा माणूस, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. ही उठाठेव मी मोठ्या अभिमानानं करणार आहे.

बाई मूळच्या भद्रावतीच्या. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, कॉलनीत वाढलेल्या. आमच्याकडे यायच्या आधी जिवतीच्या डोंगरात नोकरी करून आल्या होत्या. उंची बेताची, अंगकाठी किरकोळ, डोक्याला कायम एक निळा स्कार्फ. त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दवाखान्यासमोर बसलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहून मिशीत हसून घेतलं. ही बाई बैल काय धरणार, उलट बैलच हिला धरील, असा त्यांचा हिशेब. मग पहिल्याच आठवड्यात एक मारका बैल आला. चौघं दोर ओढून दमले. बाई त्याच्या कानाशी गेल्या, "भाऊ, जरा उभा राह्य ना, मले बी घरी जाऊन स्वयंपाक करा लागते," म्हणाल्या, आणि त्यानं मान वळवेपर्यंत सुई टोचून बाजूलाही झाल्या. मिशीतलं हसू मिशीतच राहिलं.

बैलाला त्या भाऊ म्हणत आणि मांजरीला बाई. "या बाई, बसा. काय खाल्लं आपन?" असं अगदी पाहुणीला विचारावं तसं विचारत. बोक्यालासुद्धा बाईच म्हणत. मी एकदा चूक दाखवली तर म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही त्याले जवळून पाह्यलं काय? मंग बसा तिकडं."

त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे असत. एक बुजला की दुसरा. चहा मागवायच्या आणि विसरायच्या. मग गार झालेला चहा एका घोटात घशाखाली उतरवून कपाला नावं ठेवायच्या. पर्समध्ये बायकांच्या काय काय असतं ते मला ठाऊक नाही, पण यांच्या पर्समध्ये भांडी घासायच्या साबणाची वडी असे, प्लास्टिकच्या डबीत. कारण मांजरीच्या अंगावर विषारी औषध पडलं की सगळ्यात आधी ते धुवायचं. पाणी कोमट हवं. फार गरम नको, गार तर नकोच. ते कोमट झालं की नाही हे त्या कोपर बुडवून पाहत, बाळंतिणीच्या खोलीतली सुईण पाहते तसं. आणि कोणी शेजारी उभं राहून "अरेरे, बिचारी" म्हणू लागलं की खेकसत, "कीव नोको करू, टॉवेल आन."

आता सरकारी दवाखान्यात मांजर म्हणजे गावाच्या दृष्टीनं थट्टाच. गाय, बैल, म्हैस, शेळी ही जनावरं. मांजर हे घरातलं भांडंकुंडं. बाई आल्या त्या वर्षी वनिता नावाची एक पोरसवदा सून मांजरीला पदरात गुंडाळून धावत आली. मांजर फवारणी केलेल्या धानाच्या बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, फिरून आलं होतं आणि सवयीप्रमाणे पाय चाटत बसलं होतं. तोंडातून लाळेची तार लागलेली, छाती घरघरत होती. बाईंनी टॉर्चनं डोळा पाहिला. बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झालेली. "फवारा," एवढंच म्हणाल्या आणि सुई भरली. थोडी दिली, थांबल्या, छातीला कान लावला, आणखी थोडी दिली. मग पाय धुतले, अंग पुसलं, गोधडीत घातलं. पडवीत एक जण बैल घेऊन बसला होता. तो कंटाळून म्हणाला, "बाई, सरकारची दवाई मांजरीले घालून राह्यल्या काय? आमचे बैल का बिनादवाईनं मरन्यासाठी हायेत?"

बाईंनी मान वर न करता विचारलं, "तुह्या ढोलीतला धान कोन राखते?"

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"बैल राखते काय? उंदीर पकडते काय तुहा बैल?"

पडवी हसली. बैलवालाही हसला. ढोली म्हणजे आमच्याकडची धान साठवायची बांबूची कणगी, आणि मांजर नसलेल्या घरातली ढोली म्हणजे उंदरांची पंगत, हे गावात कोणाला सांगायला नको होतं. ते मांजर वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंच्या मनगटावर नखं मारली, तेव्हा बाई एवढ्या खूश झाल्या की जणू पोरगा पास झाला. "फिस्कारली! आता नाई मरत हे!" असं त्यांनी मला खिडकीतून ओरडून सांगितलं. मी त्या वेळी मनिऑर्डरचे पैसे मोजत होतो. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

पण खरी गोष्ट पोळ्याची आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांना तळ्यावर नेऊन घासूनपुसून धुतात, हळद आणि तूप लावून खांदे शेकतात. आणि दुसऱ्या दिवशी अंग कसं चकचकीत दिसावं म्हणून गोचिडाचं औषध बादलीत कालवून पाठीवरून फिरवतात. एवढं बैलाचं झालं की बादलीत थोडं उरतं. टाकून कसं द्यायचं? मग घरातल्या एकेकाला पोळ्याची आंघोळ. गाय, वासरू, कुत्रा, आणि शेवटी चुलीमागून ओढून काढलेलं मांजर. सणाला तेवढ्यालाच का वगळायचं? हे सगळं मायेनं होतं. आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, मांजराचे कान फडफडू लागले, पाय झटके देऊ लागले, की त्याच मायेनं त्याच्या तोंडात तूप घालतात, विष उतरायला. बाई कपाळावर हात मारून घेत. "बैलाले जे पचते ते इले पचत नाई. इची कलेजीच तशी नाई. अन् अंगावरचं सारं हे चाटून पोटात घेते. वरून तुम्ही तूप पाजता, म्हनजे विषाले रस्ता मोकळा."

त्यांच्या पहिल्या पोळ्याला बरीच मांजरं आली आणि एकाही घरानं खरं सांगितलं नाही.

"काय लावलं?"

"काही नाई लावलं जी."

"मंग असं काऊन झालं?"

"नजर लागली असंन."

बाईंची पंचाईत अशी की बाटली कुठली होती त्यावर उपचार ठरायचा. फवाऱ्याच्या विषाला एक सुई. गोचिडाच्या एका औषधाला दुसरी. गोचिडाचंच आणखी एक औषध असं की त्याला पहिली सुई दिली तर जनावर आणखी बिघडावं. डोळे, लाळ, ताप पाहून त्या अंदाज बांधत, पण अर्ध्या जनावरांत लक्षणं एकमेकांत मिसळलेली असत, आणि अंदाज बांधण्यात वेळ जाई. त्या दिवशी एक पांढरं मांजर त्यांच्या हातात गेलं. मालक ते पोत्यात घालून मागच्या वाटेनं नाल्याकडे घेऊन गेला, कोणाला दिसू नये म्हणून.

संध्याकाळी बाई पायरीवर बसल्या होत्या. रागानं नाक लाल झालेलं. "मास्तर, हे लोक माह्याशी खोटं काऊन बोलतात? मी पोलीस हावो काय?"

मी सांगितलं, कारण गावात जन्मल्यामुळे मला माहीत होतं. "बाई, मांजर मारल्याचं पाप लई मोठं असते. सोन्याची मांजर करून काशीले वाहा लागते म्हनतात. आपल्या हातानं दवाई लावली असं तोंडानं कबूल केलं का पाप अंगाले चिकटलं. म्हनून कोनी बोलत नाई."

मला वाटलं, आता अंधश्रद्धेवर भाषण ऐकावं लागणार. बाई बौद्ध, शिकलेल्या, घरात बाबासाहेबांचा फोटो. पाप-पुण्याचा हिशेब त्यांच्या घरी आजोबांच्या काळातच बंद झालेला. पण भाषण आलं नाही. उलट त्या हसल्या आणि गार चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवसापासून मांजर घेऊन कोणी आलं की बाई पहिलं वाक्य म्हणायच्या, "पाप मले द्या, दवाईचं नाव सांगा."

लोक गोंधळायचे. "म्हनजे जी?"

"म्हनजे हे मेलं तं पाप माह्यं. तुमचं नाई. मी घेतलं, हे पाहा, पदरात घेतलं. आता बोला, काय लावलं?"

काही जण मग हळूच, दाराकडे पाहत, सांगायचे. काही तरीही सांगायचे नाहीत. मी बाईंना एकदा विचारलं, "तुम्ही तं पाप मानत नाई, मंग हे कसं काय?"

त्या म्हणाल्या, "म्हनूनच तं मले जमते. मले त्याचं वजन लागत नाई, त्यायले लागते. ज्याले वजन लागत नाई त्यानं उचलावं. त्यात काय एवढं?"

माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं शहाणपणाचं वाक्य दुसरं ऐकलेलं नाही, आणि माझ्यासमोरून रोज गावभरची पत्रं गेली आहेत.

पुढच्या पोळ्याला सोमाजी भाऊ आले.

सोमाजी भाऊ म्हणजे गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, भजनी मंडळाचा म्होरक्या. पोळा त्यांच्या हातानं फुटायचा. आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहायच्या. सोमाजी भाऊंनी पूजा करून तोरण तोडल्याशिवाय एकही बैल हलायचा नाही. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणारा हा माणूस. त्या दिवशी दुपारी ते दवाखान्यात शिरले, ते दुपट्ट्याखाली काहीतरी लपवून. दुपट्टा थरथरत होता.

आतून करड्या रंगाची मांजर निघाली. कान फडफडत होते, चारी पाय झटकत होते, हनुवटीला तूप. पडवीत सणाच्या दिवशीही सात-आठ माणसं होती. सगळी उठून उभी राहिली.

"काय लावलं, भाऊ?" बाईंनी विचारलं. कोमट पाण्याची बादली आधीच ओढून घेतली होती.

"काही नाई."

"भाऊ, आता धुवून घेते. पन झटके थांबवाची सुई कोनती द्याची ते बाटलीवर हाये. पाप मले द्या, दवाईचं नाव सांगा."

सोमाजी भाऊंनी सगळ्यांकडे पाहिलं. गावाला सांभाळून चालायला शिकवणारा माणूस, आणि समोर ज्यांना शिकवलं तेच उभे. बाई मांजरीच्या अंगावर साबण फिरवत राहिल्या. पाणी पांढरं होऊन वाहत होतं. तेवढ्यात मांजरीला मोठा झटका आला, मान मागे गेली, पाठीची कमान झाली. बाईंनी तिला टॉवेलात धरलं आणि आवाज चढवला, "भाऊ, मी अंधारात सुई मारू काय?"

सोमाजी भाऊ वळले आणि बाहेर गेले. कोणीतरी म्हणालं, "गेले. आता नाई येत."

मी खिडकीत होतो; तिथून आखर दिसतो. दवाखान्यातून त्यांच्या घरी जायचं तर आखरावरूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. आखरावर बैल सजून यायला लागले होते, ढोल वाजत होता, अख्खा गाव तिथे. सोमाजी भाऊ त्यातून गेले आणि परत आले. जाताना खाली मान घालून गेले. येताना हातात बाटली होती, आणि ती त्यांनी दुपट्ट्यात लपवली नव्हती. उघडी, उंच धरली होती, आरतीचं तबक धरावं तशी. "पोळा थांबू द्या!" असं कोणाला तरी ओरडून सांगितलं. ढोल थांबला. लोक त्यांच्या मागे चालू लागले.

"हे लावलं," पडवीत येऊन ते म्हणाले. "मीनंच लावलं. माह्या हातानं. बादलीत उरलं होतं."

बाईंनी बाटली घेतली, डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं. बाटलीवरचं नाव मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. मग कपाटातून सुई काढली. हात अगदी शांत. झटके एकदम नाही थांबले. आधी कान थांबले, मग पुढचे पाय, मग मागचे. बाई तिला गोधडीत गुंडाळून जमिनीवरच बसल्या. सोमाजी भाऊ समोर बसले. बाहेर सजलेले बैल, झुली, बेगड, पोरंबाळं आणि आत दोन माणसं एका मांजरीकडे बघत बसलेली. आमच्या गावचा पोळा त्या दिवशी एका मांजरीसाठी खोळंबला होता. असा पोळा जिल्ह्यात दुसऱ्या कोणत्या गावानं पाहिला असेल तर मला पत्र पाठवावं, मी स्वतः पोहोचवीन माझ्याच पत्त्यावर.

अंधार पडायच्या जरा आधी मांजरीनं डोळे उघडले, बाईंकडे पाहिलं आणि फिस्कारली.

सोमाजी भाऊंनी हात जोडले. कोणाला ते कळलं नाही, मांजरीला की बाईंना. मग ते तडक आखरावर गेले. तोरणाखाली उभं राहून पोळ्याच्या झडत्या म्हणतात, यमक जुळवून एकमेकांना टोमणे मारायचे. सोमाजी भाऊ कधी झडती म्हणत नसत, त्यांचं आपलं अभंगाचं काम. त्या दिवशी त्यांनी हात वर केला आणि जागच्या जागी रचून म्हटली:

"बैलाची दवाई बैलाच्या पाठी,
मांजरीले लावू नोको पोळ्यासाठी,
लावली असंन तं बाटली घे हाती,
सांगाले लाजंन त्याची जाईन मती!
हर बोला..."

"हर हर महादेव!" गाव ओरडलं आणि तोरण तुटलं.

बाई दवाखान्याच्या पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. ओल्या साडीवर साबणाचा फेस वाळलेला, स्कार्फ सुटलेला. मी खिडकीतून म्हणालो, "बाई, तुमच्यावर झडती झाली." त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "माह्यावर कुठी? दवाईवर झाली. तेच पाह्यजे होतं."

त्यानंतर गावात विषबाधेची मांजरं बंद झाली असं नाही. माणूस चुकायचा तो चुकतोच. पण मांजराबरोबर बाटली यायला लागली. आसपासच्या गावांतूनही येऊ लागली. खोटं बोलणाऱ्याला पडवीतलेच लोक सुनवायचे, "अरे, सोमाजी भाऊनं सांगतलं, तुले काय झालं?" मला मांजरं तेव्हाही आवडली नाहीत. पण गावाबाहेर कोणी "तुमच्याकडे मांजरांवरही इलाज होतो म्हणे" असं विचारलं, की मी छाती पुढे काढून "होतो तर!" म्हणायचो, जणू सुई मीच भरत होतो.

मग बाईंची बदली झाली, भामरागडला. नद्यांच्या संगमावरचं ते जंगलातलं ठिकाण, पावसाळ्यात रस्ता बंद. लोक म्हणाले रद्द करून घ्या, ओळखी लावा. बाई म्हणाल्या, "तिथी काय जनावरं नाई? नाई कसं म्हनू त्यायले?" बस.

निरोपाला अर्धा गाव बसथांब्यावर आला होता. उन्हाळा सरत आलेला, दुपार तापलेली. सोमाजी भाऊ नारळ घेऊन आले होते. बाईंची ट्रंक आणि गाठोडी वर चढवून झाली, बाई बसमध्ये खिडकीशी बसल्या, कंडक्टरनं घंटी मारली. आणि रस्त्याच्या टोकाकडून एक बाई पळत येताना दिसली. ती आमच्या गावची नव्हती. पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे लहान वस्तीवरची, मी तिला ओळखत नव्हतो. पायांत चप्पल नाही, काखेत पोत्यात गुंडाळलेलं मांजर, आणि दुसऱ्या हातात बाटली, डोक्यावर धरलेली. पळता पळताच ओरडत होती.

"बाई! दवाई लावली मीनं! कुत्र्याची पिसवांची दवाई मांजरीले लावली! मीनं लावली बाई!"

भर बसथांब्यावर, एवढ्या माणसांत. आवाज एकदाही दबला नाही.

मेश्राम बाई उठल्या. पदर खोचत खाली उतरल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जा. सामान गडचिरोलीच्या स्टँडवर उतरवून ठेवा. मी उद्या येते." थांब्यामागच्या हातपंपाशी जाऊन खाली बसल्या. पर्समधून साबणाची डबी काढली. हॉटेलवाल्याला ओरडून बादली आणि गरम पाणी मागवलं. सोमाजी भाऊंनी नारळ बाजूला ठेवला आणि पंपाचा दांडा हाती घेतला.

बसच्या खिडकीतून एका परक्या प्रवाशानं डोकं बाहेर काढलं. "काय झालं हो? मेली काय मांजर?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी थांब्यावरची चार-पाच माणसं एकदमच बोलली. "नाई मरत. दवाईचं नाव सांगतलं नं तिनं."

बस निघून गेली. धूळ बसल्यावर पाहिलं, तर बाई बादलीत कोपर बुडवून पाणी पाहत होत्या.